कॅम निवडाले निघालो, मागच्या सीटवर ढेपीचं पोतं

लोक लडाखले जातात अन् परत आल्यावर लिहितात. मी अमरावतीहून निघून अकोल्याले पोचलो, तरी लिहून राहिलो, कारण मधात जे झालं ते लडाखात होऊच शकत नाही. लडाखात ढेप भेटत नाही.

माह्याकडे एक जड मोटरसायकल आहे. लांबच्या प्रवासाची, दोन मोठ्या सिलिंडरची, दोन्ही बाजूनं पेट्या. नागपूरच्या एका कंटाळलेल्या माणसाकडून घेतली. चौकात उभी केली का लोक तिले गाडी समजत नाहीत, बाकडं समजतात. टेकून चहा पिऊन जातात.

मागच्या हिवाळ्यात मयुरीले, म्हणजे माह्या बायकोले, मागं बसवून चिखलदऱ्याले चाललो होतो. घाटात एक उजवं वळण आहे, इतकं आखूड का स्वतःच्याच नंबरप्लेटची भेट होते. तठी गाडी खोकलली, धुसफुसली अन् बंद पडली. मंग मी, मयुरी अन् गाडी असे आम्ही तिघं एकदम हळू, एकदम अदबीनं आडवे झालो. लागलं कोणालेच नाही. पण वरून एसटी आली, थांबली अन् आख्खी एसटी खाली उतरली. आपल्या वऱ्हाडात पडलेल्या माणसाले पहिले उचलत नाहीत, पहिले समजावतात. "पहिला गिअर टाकाचा ना भाऊ." "बाईमाणूस मागं असलं तं असं करत नसतात भाऊ." मयुरी गाडीखाली एक पाय ठेवून हे सगळं ऐकून राहिली होती.

त्या दिवशी तिनं निकाल देऊन टाकला. "मी या गाडीवर परत बसन तं एकदाच. त्याच वळणावर. तठी बंद पडली तं गाडी विकाची."

अन् तिच्या बाबांनी, म्हणजे अकोल्याच्या मामाजींनी, गिऱ्हाईक शोधूनही ठेवलं. एक फोटोस्टुडिओवाला. त्याले गाडी चालवाची नव्हतीच. स्टुडिओत उभी कराची होती, नवरदेव-नवरीचे फोटो काढाले. स्टँडवर, कायमची, समोरून पंखा लावून नवरीचे केस उडवाले! मले रात्री स्वप्नात तो पंखा दिसू लागला.

अकोल्याच्या मिस्त्रीनं इंजिन ऐकून सांगितलं, "ताकद आहे, पण खालच्या चालीत नाही. कॅम बदला." कॅम म्हणजे इंजिनातली एक दांडी. तिच्यावर उंचवटे असतात, ते वाल्व किती अन् किती वेळ उघडे ठेवाचे ते ठरवतात. दांडी बदलली का इंजिनाचा स्वभाव बदलते. माह्या गाडीसाठी दोन होते. एक 'खालचा', हळू चालीत जोर देणारा. एक 'वरचा', गाडी पळाले लागली का जोर देणारा. एकच मागवाचा, अन् आणल्यावर परत होत नाही.

"पण भाऊ, हे सांगून समजत नाही," मिस्त्री म्हणे. "दोघांकडे हीच गाडी आहे. नांदगाव पेठच्या फैजानभाईकडे वरचा, अंजनगावच्या दादाराव काकाकडे खालचा. बसून पाहा. अन् मागं वजन घेऊन पाहा, नाही तं काही मतलब नाही."

अमरावतीले घरी आलो. वजन कुठून आणू? मयुरी माहेरी, अकोल्याले. फोन केला.

"तुहं वजन किती?"

"काहून?"

"असंच."

"असंच कोणी विचारते काय बायकोले?" फोन कट.

शेजारी पशुखाद्याचं दुकान. सरकीची ढेप, म्हणजे कपाशीच्या बीचं तेल काढून उरते ते, म्हशीचा सुकामेवा. त्याचं एक भरलेलं पोतं उचललं, मागच्या सीटवर आडवं टाकलं, दोरीनं आवळलं. दुकानदार म्हणे, "एवढी महागाची गाडी, अन् ढेपीचा धंदा?" म्हटलं, "बायको आहे." त्यानं दोरीले अजून एक गाठ मारून देली.

नांदगाव पेठ

फैजानभाई कापडाच्या कारखान्यांतून निघालेल्या कतरणीचा व्यापार करतात. गोदामात रंगीत चिंध्यांचे डोंगर, अन् डोंगरांच्या मधात त्यांची गाडी, नवरीसारखी झाकलेली. चादर काढली, बटन दाबलं.

धबड. धबड-धब. मधातला एक ठोका गायब. मंग एकदम धबड-धबड!

आंगावर काटा. सच्ची. मी लहानपणापासून आवाज काढतो: हेडमास्तर, कंडक्टर, शेजारचा पाण्याचा पंप. पण हा आवाज तोंडानं काढाले माह्या जिभेले तठीच उभ्या उभ्या सराव करा लागला. फैजानभाईचे हमाल काम सोडून जमा झाले. एकीकडं गाडी, एकीकडं मी. एक जण म्हणे, "भाई, ये वाला पेट्रोल नहीं पीता."

"बंटीभाई," फैजानभाई छाती फुगवून सांगून राहिले, "पंप पे खडी करो ना, तो पोट्टा पहले गाडीले सलाम ठोकते, बाद में नळी उचलते. ये इज्जत तुमको खालच्या कॅमात नहीं मिलनेवाली."

मी मनात कॅम घेऊनच टाकला होता. आता फक्त रिवाज म्हणून फेरी. ढेप त्यांच्या गाडीवर चढवली अन् एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर निघालो. हळू चालीत गाडी रुसल्यासारखी. तिसऱ्यात टाकली तं मान हलवू लागली, नको नको म्हणून. पण जरा पिळली, अन् बाप्पा! एकदम असा धक्का का ढेप माह्या पाठीले येऊन चिकटली. मी हेल्मेटच्या आत हसून राहिलो अन् ते हसणं मलेच मोठ्यानं ऐकू येऊन राहिलं.

परत आलो तं फैजानभाईनं गिलावडे मागवून ठेवले होते. दह्यात बुडालेले, वरून अशी चटणी का कानातून वाफ. नागपूरचे लोक दहीवडा खातात अन् त्यालेच वडा समजतात, त्यांची कीव येते. दुसरी प्लेट संपवता संपवता मी सहज विचारलं, "भाई, घाटात कशी जाते?"

"एक नंबर."

"भाभी मागं असल्या तं?"

फैजानभाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "तुम्हारी भाभी को मैं जीप से भेजता," ते हळूच म्हणे. "तुम बोलना मत किसी को."

अंजनगाव सुर्जी

दुसऱ्या दिवशी निघालो. रस्त्याच्या बाजूच्या बाभळींवर कापूस लटकून राहिला होता, ट्रकांमधून उडालेला. जणू झाडाईले म्हातारपण आलं. वलगावच्या पुढं एक माणूस स्कुटीवर बाजूनं आला.

"ढेप कुठून आणली?"

"अमरावती."

"द्याची काय?"

"नाही वो."

"मंग कुठी नेता?"

"फिरवून आणतो."

तो बराच वेळ माह्या बाजूनं चालला. मंग त्यानं हात जोडले अन् मागं राह्यला.

दादाराव काका म्हणजे साठीच्या पलीकडचा, काळ्या वावराचा, पांढऱ्या मिशीचा माणूस. पायजमा, डोक्याले रुमाल, अन् दारात माह्यासारखीच गाडी. वावर पानपिंपळीचं, म्हणजे मिरीसारख्या तिखट औषधी पिकाचं. झाडाईवर वेल चढवलेले, आत गेलं का भर दुपारी संध्याकाळ. काकांनी एक ओली पिंपळी तोडून तोंडात टाकाले लावली. जीभ दहा मिनिटं माह्या मालकीची नव्हती, अन् काका तेवढ्यात आख्ख्या पिकाची माहिती सांगून मोकळे झाले. जो मधात बोलते त्याले ते पयले पिंपळी देतात म्हणे.

"आधी जेवण, मंग गाडी," काकूंनी फर्मान काढलं. पोतं उतरवून म्हशीच्या कोठ्याजवळ ठेवलं. गोवऱ्यांच्या इस्तवात भाजलेले रोडगे, फोडून तुपात बुडवलेले, वांग्याची भाजी, वरण. पुण्याचा माणूस "पोट भरलं" म्हटलं तं त्याले सोडून देतात. अठी "भरलं" म्हटलं तं वाढणारा समजते, आता खरं सुरू झालं. माही सासुरवाडी अन् मयुरीचं नाव विचारून काकू म्हणे, "बापू, लाजू नका." मी लाजून नव्हतो राहिलो, मी श्वास घेऊन राहिलो होतो.

मंग संत्र्याच्या झाडाखाली डोळा लागला. उठलो तं काका पोतं घेऊन गाडीकडं चालले होते. एका हातानं! साठीपलीकडचा माणूस, ढेपीचं भरलं पोतं, एका हातानं, अन् दुसऱ्या हातानं मिशी पुसत. मी मनातल्या मनात दंडवत घातला. म्हटलं, रोडग्यात काहीतरी असलं पायजे.

गाडी सुरू केली. ढुम, ढुम, ढुम, ढुम. बस. पिठाची गिरणी. यात आवाज काढासारखं काहीच नाही.

"काका, आवाजात मजा नाही."

"आवाज पायजे तं भोंगा लाव ना बे," काका म्हणे. "गाडी चढाले असते."

पण चालवली अन् माहं तोंड उघडंच राह्यलं. चौथ्या गिअरमंधी बैलगाडीच्या मागं मागं गेली, काही कुरकुर नाही. मूठ जराशी पिळली तं असं वाटे मागं कोणी बसलंच नाही! मी दोनदा वळून पाह्यलं. पोतं होतं. फुगलेलं, तट्ट. परत आलो अन् काकांच्या पायाच पडलो. "ठरलं. खालचा."

"मी तं सांगतच होतो," काका म्हणे, जरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

काकांनीच पोतं माह्या गाडीवर बांधून देलं, मी अकोटमार्गे अकोल्याकडं निघालो. अन् गंमत पाहा, माही जुन्या कॅमची गाडीही हलकी हलकी पळून राहिली होती. मले वाटलं, काकांच्या गाडीजवळ दुपारभर उभी होती ना, सोबतीचा असर.

अकोला, जठारपेठ

मामाजींचं घर. दारात मामाजी, मयुरी, अन् गॅलऱ्यांमंधी आख्खी गल्ली. जवाई आला म्हणजे बाप्पा, सगळ्याईले पाह्यचं असते का यंदा जाड झाला का बारीक.

"अहो, हे पोतं काय?" मयुरी. बाबांसमोर ती मले 'अहो' म्हणते, एकटी असली का 'तू'.

"ही तू," मी म्हटलं. "वजनासाठी."

"मी पोतं?"

मामाजी खोकलले. मी विषय बदलाले दोऱ्या सोडल्या, पाय फाकवले, दम भरला अन् पूर्ण ताकदीनं पोतं ओढलं.

ते पोतं असं हवेत उडत आलं जसं त्याले मले भेटाचीच घाई होती. मी मागं मामाजींच्या तुळशीच्या कठड्यावर, पोतं माह्या आंगावर, अन् मी गुदगुल्या झाल्यासारखा पाय झाडून राहिलो. काहीच वजन नाही! गॅलरीतून कोणीतरी टाळी वाजवली.

मयुरीनं पोत्याचं तोंड सोडलं. आत पांढराशुभ्र कापूस. ठासून.

अंजनगावले फोन लावला. काकूंनी उचलला.

"काकू, ढेप कुठी गेली?"

"कुठी जाईन? म्हशीईनं खाल्ली, शेजारच्या गाईले देली. जवाईमाणूस ढेप घेऊन आला, आमाले तं लय कवतिक वाटलं. मंग पाहुण्याचं पोतं काय रिकामं धाडावं काय, बापू? घरचा कापूस हाय. गादी भरून घेजा, मयुरीले सांगजा."

चूक कोणाचीच नव्हती. आपल्याकडं डबा रिकामा परत जात नाही, वाटी रिकामी परत जात नाही. पोतं काहून जाईन? मीच येडा, ज्याले साठीच्या माणसाच्या एका हाताचं कौतिक वाटलं.

मामाजी हसून हसून लाल झाले होते. डोळे पुसत म्हणे, "जवाईबापू, म्हणजे तुमी कापूस बसवून कॅम पास केला?"

अन् त्या क्षणी, खरं सांगतो, माह्या मनात एक घुंगरू वाजलं. धबड. धबड-धब. "म्हणजे परीक्षाच रद्द!" मी म्हटलं. "खालचा पास झालाच नाही! तं मंग वरचाच मागवू ना. मिस्त्रीले आजच सांगतो. मामाजी, आवाज ऐका एकदा." अन् मी तठीच, कापसात बसल्या बसल्या, आवाज काढून दाखवला. गल्लीतलं कुत्रं उठून गेलं.

"वरच्यावर ढेप कशी गेली होती?" मयुरी.

"छान."

"हळू चालीत?"

मी आंगावरचा कापूस झटकू लागलो. चेहऱ्याचे आवाज मले लपवता येत नाहीत.

"अन् त्या फैजानभाईची बायको घाटात कशी जाते?"

"जीपनं," माह्या तोंडातून निघून गेलं.

मामाजींनी फोन उचलला. "मी फोटोवाल्याले उद्या संध्याकाळी बोलावून घेतो. पाहून तं जाईन."

पंखा. मले पुन्हा तो पंखा दिसला.

मयुरी मले बाजूले घेऊन गेली. आता 'तू'वर आली. "तू ढेपीले विचारलं, कापसाले विचारलं. बसाचं कोणाले आहे?"

"तुले."

"मंग? काकाले फोन कर. उद्या त्यांच्या गाडीवर, त्याच वळणावर. मी बसते. बंद पडली तं संध्याकाळी फोटोवाला."

चिखलदऱ्याचा घाट

माह्या गाडीवर ती बसणार नव्हती, म्हणून परतवाड्यापर्यंत ती एसटीनं अन् मी एसटीच्या मागं. मागच्या खिडकीत तिचं तोंड. मी खालून कंडक्टर करून दाखवत होतो, ड्रायव्हर करून दाखवत होतो, डबल बेल देत होतो. ती हसू दाबून समोर पाहे. तिच्या बाजूची म्हातारी खिडकीतून मले ओरडली, "चूप बस ना रे पोट्ट्या, कोनाची पोरगी हाय ते!"

परतवाड्याले दादाराव काका गाडी पुसून उभे. किल्ली माह्या हातात देली, माह्या गाडीची घेतली. "मी समोर जातो, वर राबडीच्या टपरीवर बसतो. माह्या गाडीले खरचटलं तं तुले पिंपळी चारीन. आख्खी मूठ."

मयुरी बसली. खरं वजन. ढेप हालत नाही; मयुरीनं एक हात माह्या खांद्यावर ठेवला अन् दुसरा पोटाच्या बाजूनं, अन् बोटं अशी रुतवली का माहाच गिअर पडला असता. काकांच्या गाडीच्या दोन्ही पेट्या तिनं मुद्दाम भरल्या होत्या, मागच्यासारख्या. "इमानदारीनं होऊ दे," म्हणे.

घाट सुरू झाला. खाली उन्हातली तूर, वर सागाची सुकी पानं, मधात थंडीचा धूर. ढुम ढुम ढुम. मयुरी एक शब्द बोलत नव्हती. लग्न झाल्यापासून एवढा वेळ ती चूप राह्यली नव्हती, मले त्याचीच जास्त भीती.

वळण आलं. खाली गिअर टाकाचा होता, तो घाबरून विसरलोच. तिसऱ्यातच वळणात शिरलो, अन् वरून, काय सांगू, एसटी! मूठ सोडली. गाडी अशी हळू झाली का दोन ठोक्यांच्या मधात माहं सगळं आयुष्य बसलं असतं. ढुम. माह्या डोळ्यासमोर फोटोस्टुडिओ. ढुम. पंखा. ढुम. मंग मी मूठ जराशी पिळली, अन् गाडीनं खालून खांदा लावल्यासारखा आम्हाले उचललं. ना खोकलली, ना थरथरली. वळणातून, एसटीच्या बाजूनं, वर. एसटीवाले बिचारे पाहत राह्यले, कोणालेच उतरता नाही आलं.

मले ओरडाचं होतं, पण दातच उघडत नव्हते. तसाच चालवत राह्यलो. एक वळण, दुसरं वळण, सपाटी. राबडीची टपरी दिसली. काकांनी रुमाल हलवला.

तवा मागून बारीक आवाज आला.

"बंटी, वळण आलं का?"

"आँ?"

"ते वळण. आलं का सांगजो. मी डोळे बंद करून आहो."

"कव्हापासून?"

"घाट सुरू झाला तवापासून."

मी गाडी रस्त्याच्या कडेले लावली. "मयुरी, वळण गेलं. केव्हाचंच. एसटीही गेली."

तिनं एक डोळा उघडला. मंग दुसरा. पाठीमागं वळून दरी पाहिली, समोर टपरी पाहिली. "खरं? कधी गेलं? मले समजलंच नाही!"

"समजलं असतं तं आपण आडवे असतो."

तिनं मंग माह्या हेल्मेटवर तबल्यासारखी थाप मारली. "हे मी धरत नाही. मी पाह्यलंच नाही. चाल, परत खाली!"

आम्ही खाली गेलो. परत वर. यावेळी तिनं डोळे उघडे ठेवले, अन् वळणावर अशी किंचाळली का सागावरची वानरं पळाली. वर आल्यावर म्हणे, "एकदा अजून." तिसऱ्यांदा ती हात सोडून बसली. टपरीसमोरून आम्ही न थांबता वळलो तं काका राबडीची वाटी घेऊन रस्त्यावर धावले. "अबे, निरे येडे झाले काय! माह्या गाडीतलं पेट्रोल कोण भरन?"

"काका, खालचाच!" मयुरी मागून ओरडली. "खालचाच मागवतो!"

माह्या मनातलं धबड-धबड तठीच, कुठंतरी दरीत, पडून गेलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कायले बोलू. पण मागं बायको हसून राहिली असली तं इंजिनाचा आवाज तसाही ऐकू येत नाही.

चौथ्या फेरीत, चढता चढता, तिचा फोन वाजला. मामाजी. फोटोवाला येऊन बसला होता म्हणे, चहा झाला, आता काय सांगू त्याले?

"बाबा, त्याले दुसरी गाडी पाह्यले सांगा," मयुरी वाऱ्यात ओरडून सांगून राहिली होती. "अन् मिस्त्रीले सांगा, खालचा. हो, खालचा! काय? कशी चढते? अवो, ठेवा ना फोन, ते वळण येऊन राहिलं, मले पाहू द्या!"